गर्दी सुरू होण्याआधी: उपाहारगृहात काम करणाऱ्यांसाठी काही उपयोगी सूचना

उपाहारगृहात नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट जाणवते. दुपारी चार वाजता जे काम हातासरशी होते, तेच रात्री साडेआठ वाजता हातून निसटते. पदार्थ तोच असतो, सुरी तीच असते, माणूसही तोच असतो. फक्त एका वेळी ध्यानात ठेवायच्या गोष्टी दुपटी-तिपटीने वाढलेल्या असतात. सहा टेबले, दोन तक्रारी, उतू जायला आलेले पातेले आणि पाठीमागून गरम ट्रे घेऊन येणारा सहकारी या सगळ्यांकडे लक्ष देताना नवा विचार करायला डोक्यात जागा उरत नाही आणि हात सवयीने चालू लागतात. मी स्वयंपाकघरात आणि टेबलांवर अशी दोन्हीकडे बरीच वर्षे काम केले आहे. माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका गर्दीत दिसल्या, पण घडल्या होत्या त्या त्याआधीच्या शांत तासात. म्हणून पुढील सूचनांचा भर आधी काय ठरवून ठेवावे यावर आहे.

कामाची जागा लावणे

फ्रेंच स्वयंपाकघरांतून जगभर पोहोचलेला ‘मीज आं प्लास’ हा शब्दप्रयोग या धंद्यात सर्रास ऐकू येतो. त्याचा अर्थ प्रत्येक वस्तू आपापल्या जागी ठेवणे एवढाच आहे. तो नीट पाळला की नाही हे तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. काम सुरू होण्याच्या अर्धा तास आधी आपल्या जागेवर उभे राहावे, पाय न हलवता सर्वाधिक मागणी असलेला पदार्थ मनातल्या मनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहावा आणि प्रत्येक पायरीला हात कुठे जातो याकडे लक्ष द्यावे. हात ज्या वस्तूसाठी पोहोचत नाही, ती वस्तू चुकीच्या जागी आहे. शेजारच्याकडून चमचा मागून आणणे हे चार वाजता दहा सेकंदांचे काम असते, पण गर्दीत त्याच दहा सेकंदांत तव्यावरचा पदार्थ करपतो.

चॉपिंग बोर्डखाली एक फडके ओले करून, घट्ट पिळून आणि सपाट पसरून ठेवावे. फडक्याला घडी पडली तर बोर्ड डुगडुगतो, म्हणून बोर्ड ठेवल्यावर दोन्ही तळव्यांनी तो दाबून आणि सरकवून पाहावा. गरम भांडी धरण्यासाठी मात्र फडके पूर्ण कोरडे हवे. कापडातले पाणी उष्णता पटकन हातापर्यंत पोहोचवते आणि त्याची वाफ होऊन बोटे भाजतात. ओले फडके आणि कोरडे फडके यांची अदलाबदल हा नवख्यांच्या भाजण्याचा एक नेहमीचा प्रकार असल्याने दोन्ही फडक्यांचे रंग वेगळे ठेवावेत आणि त्यांच्या जागाही बदलू नयेत.

सुरीला धार असावी. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेली सुरी घसरली की कुठे जाईल याचा भरवसा नसतो. सुरी हातातून सुटली तर ती पकडायला जाऊ नये, दोन्ही हात वर घेऊन एक पाऊल मागे सरकावे. हे वाचायला सोपे असले तरी पडणारी वस्तू झेलण्याची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते, त्यामुळे ही हालचाल लाकडी चमचा मुद्दाम पाडून काही वेळा करून पाहिलेली बरी. फेसाच्या पाण्याने भरलेल्या सिंकमध्ये सुरी कधीही सोडू नये, कारण पुढे हात घालणाऱ्याला ती दिसत नाही.

बोलणे आणि लिहिणे

अरुंद स्वयंपाकघरात ‘मागे आहे’, ‘गरम आहे’, ‘सुरी आहे’ हे शब्द मोठ्याने उच्चारणे अनेकांना सुरुवातीला अवघड वाटते. लाज वाटत असली तरी ते उच्चारावेत. पाठीमागे कोणी आहे हे न कळल्यामुळे वळणारा माणूस आणि उकळते पातेले यांची टक्कर काय करते हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. ऐकणाऱ्यानेही उत्तर दिले पाहिजे. ऑर्डर पुकारली गेली की ती ज्याच्याकडे आहे त्याने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी; नुसते ‘हो’ म्हटल्याने काय ऐकले गेले हे समजत नाही.

टेबलावर ऑर्डर घेताना खुर्च्यांना क्रमांक देण्याची पद्धत ठरवून घ्यावी. उदाहरणार्थ, प्रवेशदाराच्या सर्वांत जवळची खुर्ची पहिली धरावी आणि तेथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजावे. सगळ्यांनी एकच पद्धत पाळली तर ताटे कोणीही नेऊन ठेवू शकतो आणि ‘हे कोणी मागवले होते?’ असे पाहुण्यांना विचारण्याची वेळ येत नाही. टेबलापासून निघण्यापूर्वी पाहुण्यांना ऑर्डर वाचून दाखवावी. त्यात जाणारी वीस सेकंदे चुकीचा पदार्थ परत करण्यात जाणाऱ्या वीस मिनिटांपेक्षा नेहमीच स्वस्त पडतात.

चिठ्ठ्या साचत गेल्या की पहिली चिठ्ठी घाईने हातात घेण्याची ओढ लागते. त्याऐवजी पंधरा सेकंद थांबावे, सगळ्या चिठ्ठ्या एकदा वाचाव्यात आणि एकच पदार्थ एकूण किती लागणार आहे ते मोजावे. सर्वांत जास्त वेळ लागणारा पदार्थ आधी चढवावा, सारखे पदार्थ एकत्र करावेत आणि आपल्याला किती वेळ लागेल हे बाहेर काम करणाऱ्यांना स्पष्ट सांगावे. हा अंदाज थोडा जास्तच सांगावा. पंचवीस मिनिटे सांगून वीस मिनिटांत ताट आले तर पाहुणा सुखावतो, पण पंधरा सांगून वीस लागली तर त्याच वीस मिनिटांची तक्रार होते.

ॲलर्जीची विचारणा

या एका बाबतीत अंदाजाला जागा नाही. पदार्थात दाणे आहेत का असे कोणी विचारले आणि नक्की माहिती नसेल, तर ‘बहुधा नाहीत’ हे उत्तर देण्याचा कोणालाही अधिकार नाही. ‘आत विचारून सांगतो’ एवढेच म्हणावे आणि खरोखर आत जाऊन, शक्य असेल तर पाकिटावरची घटकांची यादी वाचूनच उत्तर द्यावे. शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ, मासे आणि कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जलचर यांच्यामुळे गंभीर ॲलर्जीचे सर्वाधिक प्रसंग घडतात आणि संवेदनशील व्यक्तीला अगदी अत्यल्प प्रमाणही पुरते.

शिजवल्याने ॲलर्जी करणारा घटक नाहीसा होईल असे धरून चालणे ही या कामातली एक धोकादायक चूक आहे. जंतूंना लागू होणारा नियम येथे लागू होत नाही. त्यामुळे तळणीचे तेल, ढवळायचा चमचा, बोर्ड, पीठ लागलेले हात यांपैकी काहीही सामाईक असेल तर तो पदार्थ सुरक्षित मानू नये. वरचे दाणे काढून तेच ताट पुन्हा पाठवणे हा तर जिवाशी खेळ आहे. ताट नव्याने, धुतलेल्या हातांनी आणि स्वच्छ भांड्यात तयार करावे. अशी चिठ्ठी वेगळ्या रंगाच्या शाईने लिहावी आणि ती तोंडीही सांगावी. एखाद्या पाहुण्याला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा त्याचे ओठ, जीभ, घसा सुजू लागला, तर तत्काळ आपत्कालीन वैद्यकीय मदत बोलवावी, त्याच्याकडे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन असल्यास ते लगेच घेण्यास सांगावे आणि त्याला चालवू नये.

तापमान, आणि विशेषतः रात्रीचे थंड करणे

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, कारण येथे होणारी चूक दिसत नाही, वासानेही कळत नाही आणि तिचा त्रास सोसावा लागतो तो आपल्यावर विश्वास ठेवून जेवलेल्या माणसाला.

साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात अन्नातील जंतू वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांना दुप्पट होतात. म्हणजे एकाचे चार तासांत चार हजारांहून अधिक होतात. थंड अन्न ५ अंशांखाली आणि गरम अन्न ६० अंशांवर ठेवण्याचा नियम याच कारणाने केला आहे. दिवसभर हा नियम बहुतेक जण पाळतात. तो मोडतो रात्री, जेव्हा सगळे थकलेले असतात, घरी जायची घाई असते आणि सुपाचे मोठे पातेले शेगडीवर अजून गरम असते.

एका सकाळी मी शीतगृहातून असेच एक खोल पातेले बाहेर काढले. आदल्या रात्री ते झाकण लावून आत ठेवलेले होते. बाहेरून पातेले गारठलेले होते, कडेचे सूपही थंड होते. सवयीने थर्मामीटर मधोमध खोलवर घातला तर आकडा २३ वर थांबला. रात्रभर शीतगृहात राहूनही पातेल्याचा मध्यभाग खोलीच्या तापमानाचाच होता. सगळे सूप फेकून द्यावे लागले. त्या दिवसापासून खोल पातेले झाकून आत सरकवणे मी बंद केले.

कारण सरळ आहे. उष्णता पृष्ठभागातून बाहेर पडते आणि खोल भांड्यात मध्यभागापासून पृष्ठभाग फार दूर असतो. व्यावसायिक स्वयंपाकघरांत मोठ्या प्रमाणावर पाळला जाणारा नियम दोन टप्प्यांचा आहे. शिजवलेले अन्न साधारण ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांच्या आत उतरले पाहिजे आणि तेथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा अधिक कडक आहे, कारण जंतूंची वाढ सर्वांत झपाट्याने होते ती त्याच तापमानांत. हे साधण्यासाठी अन्न पसरट ट्रेमध्ये सुमारे ५ सेंटिमीटर खोलीपर्यंतच ओतावे. पातळ पदार्थ असेल तर भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून अधूनमधून स्वच्छ चमच्याने ढवळावे. कृतीत शेवटी पाणी घालायचेच असेल तर त्यातले काही पाणी राखून त्याऐवजी तेवढ्याच वजनाचा पिण्याच्या पाण्याचा बर्फ घालता येतो. थंड होईपर्यंत वरचे झाकण किंचित उघडे राहू द्यावे, मात्र त्यात वरून काही पडणार नाही अशा जागी ते ठेवावे. गरम पातेले तसेच फ्रीजमध्ये ढकलले तर शेजारचे थंड अन्नही कोमट होते, हा आणखी एक तोटा.

भाताबाबत विशेष सावधगिरी हवी. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही तग धरतात. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की हे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून ‘उद्या चांगला खरपूस परतून घेऊ’ हा बाहेर राहिलेल्या भातावरचा उपाय होऊ शकत नाही. नीट थंड केलेले अन्न पुन्हा गरम करतानाही त्याच्या मध्यभागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत नेले पाहिजे. काउंटरवर अन्न गरम ठेवणारी उपकरणे फक्त तापमान टिकवण्यासाठी असतात. थंड अन्न त्यांत ठेवले तर ते धोक्याच्या पट्ट्यातून फार सावकाश वर चढते.

हे सगळे ज्या थर्मामीटरवर अवलंबून आहे तो बरोबर आहे ना, हे आठवड्यातून एकदा तरी तपासावे. पेलाभर बारीक बर्फात थोडे पाणी घालून, ढवळून त्यात टोक बुडवावे, टोक पेल्याच्या तळाला किंवा कडेला लागू देऊ नये; आकडा शून्यावर यायला हवा. उकळत्या पाण्यानेही तपासता येते, पण समुद्रसपाटीपासून उंचावर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळत असल्याने बर्फाची पद्धत अधिक भरवशाची आहे.

फ्रीजमध्ये कच्चे मांस आणि मासे नेहमी सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी तयार अन्नावर ठिबकणार नाही. प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी, आणि आधी आलेले आधी वापरावे.

भाजणे, तेलाची आग आणि फरशी

भाजल्यावर त्या जागेवर लगेच वाहते थंड पाणी सोडावे आणि ते वीस मिनिटे चालू ठेवावे. गर्दीत वीस मिनिटे फार वाटतात आणि बहुतेक जण दोन मिनिटांत परत कामाला लागतात. प्रमुखानेच त्या माणसाला नळाखाली उभे राहायला सांगितले पाहिजे. अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. बर्फ, तेल, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. मोठा किंवा खोल भाग, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल तर डॉक्टरांकडे न्यावे.

पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नये. एक लिटर पाण्याची वाफ होताना ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते; तेलाखाली गेलेले पाणी क्षणात फुगून जळते तेल चहूकडे उडवते. आच बंद करावी, धातूचे झाकण कडेकडून सरकवत भांड्यावर बसवावे आणि भांडे पूर्ण थंड होईपर्यंत ते उचलू नये. झाकण हाताशी नसेल तर या सगळ्याचा उपयोग नाही, म्हणून तळणीच्या भांड्याचे झाकण काम सुरू होण्याआधीच शेजारी ठेवावे. आग भांड्याबाहेर पसरली तर सगळ्यांना बाहेर काढावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.

फरशीवर काही सांडले तर ज्याला दिसले त्याने तेथेच उभे राहावे आणि पुसायचे साहित्य दुसऱ्याकडून मागवावे. साफसफाईच्या वेळी क्लोरीनचे ब्लीच आणि आम्ल किंवा अमोनिया असलेले द्रव्य एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

आजारी असताना

जुलाब किंवा उलट्या होत असलेल्या माणसाने अन्नाजवळ काम करू नये आणि त्रास थांबल्यानंतरही ४८ तास दूर राहावे, कारण नोरोव्हायरससारखे विषाणू बरे वाटू लागल्यावरही शरीराबाहेर पडत असतात. या विषाणूवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणी वापरून किमान वीस सेकंद हात चोळून धुणे हाच भरवशाचा उपाय आहे. हातमोजे घातले तरी आधी हात धुवावेत आणि काम बदलताच मोजे बदलावेत. बोट कापले तर निळी, पाणी न शिरणारी पट्टी लावून त्यावर मोजा घालावा. निळा रंग अन्नात क्वचितच असल्याने पडलेली पट्टी चटकन दिसते.

माणसे आजार लपवतात ते बहुतेक वेळा पगार कापला जाईल या भीतीने. येथे केवळ कामगाराला उपदेश करून भागत नाही. आजाऱ्याची पाळी कोण घेणार याची यादी ज्या ठिकाणी आधीच तयार असते आणि रजा मागणाऱ्याला कोणी टोमणे मारत नाही, तेथे माणसे वेळेवर खरे सांगतात.

रागावलेला पाहुणा

तक्रार करणाऱ्याला पहिल्या मिनिटात स्पष्टीकरण नको असते. स्वयंपाकघरात आज दोन माणसे कमी आहेत ही गोष्ट खरी असली तरी ती त्याला सांगून काही साधत नाही. त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे, मग तेच थोडक्यात आपल्या शब्दांत सांगावे आणि पुढे काय करणार ते वेळेसह सांगावे: ‘तुम्हाला चाळीस मिनिटे थांबावे लागले, ही आमची चूक आहे. मी आत विचारून दोन मिनिटांत परत येतो.’ त्यानंतर दोन मिनिटांत खरोखरच परत यावे, हाती काही नवीन बातमी नसली तरीही. माझ्या अनुभवात लोकांचा राग उशिरापेक्षा आपल्याला विसरले गेले या भावनेने अधिक वाढतो. चुकीचे ताट समोर ठेवून वाद घालू नये. ते आधी उचलावे.

शिवीगाळ किंवा अंगावर धावून येणे मात्र सेवेत मोडत नाही. अशा वेळी वरिष्ठाला बोलवावे, आणि वरिष्ठानेही लगेच येऊन पुढचे बोलणे आपल्याकडे घ्यावे. नव्या मुलाला किंवा मुलीला तेथे एकटे उभे ठेवणे मला कधीही मान्य झालेले नाही.

शरीर आणि पाळी सोपवणे

दिवसाचे आठ-दहा तास उभे राहणाऱ्याने बुटांवर खर्च करताना हात आखडू नये. तळ न घसरणारा, पुढचा भाग बंद आणि मापाला योग्य असा बूट हवा. एका जागी उभे राहताना एक पाय खालच्या फळीवर आळीपाळीने टेकवला की कंबरेवरचा ताण हलका होतो. जड पातेले गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचलावे, आणि भरलेले गरम पातेले एकट्याने उचलूच नये. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. गरम शेगडीजवळ काम करणाऱ्याला घामाची सवय होते आणि चक्कर येईपर्यंत लक्षात येत नाही.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे राखून ठेवून पुढच्या पाळीसाठी चिठ्ठी लिहावी. काय संपत आले आहे, कोणते उपकरण त्रास देत आहे, थंड होत असलेले ट्रे कोणत्या कप्प्यात आहेत आणि त्यांचे शेवटचे तापमान किती वाजता किती होते, एवढे तिच्यात असले की पुरते. ही चिठ्ठी शीतगृहाच्या दारावर, हँडलच्या वर लावावी, कारण सकाळी येणारा माणूस आधी तेथेच हात घालतो.